फाटकाच्या आतला पोस्टमन

एकतीस वर्षांच्या नोकरीत टपालकाकांना कुत्री चार वेळा चावली. दोनदा पोटरीला, एकदा कोपराला आणि एकदा अशा ठिकाणी, की पुढचे दहा दिवस काकांनी सायकल नुसती हातात धरून, पायी टपाल वाटलं. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी त्यांच्या वक्तशीरपणाचं तोंडभरून कौतुक केलं. काका हार घेऊन घरी आले आणि काकूंना एवढंच म्हणाले, की आता मरेपर्यंत कुत्र्याच्या वाटेला जायचं नाही.

दीड महिन्याने मुलगी कुत्रा घेऊन दारात उभी राहिली. तिला कंपनी दोन वर्षांसाठी बाहेर पाठवत होती. दीड वर्षाचा, तपकिरी, एक कान उभा आणि एक पडलेला असा तो प्राणी होता. नाव काहीतरी इंग्रजी होतं, ते काकूंच्या जिभेवर शेवटपर्यंत चढलं नाही. मुलीची टॅक्सी गेल्यावर तो दाराशी अंगाचं मुटकुळं करून पडला. काका लांबूनच म्हणाले, "टपालाचा गठ्ठा पडल्यासारखा पडलाय." तेव्हापासून तो गठ्ठा.

पहिला आठवडा काका त्याची जेवणाची थाळी काठीने पुढे सरकवायचे. फिरायला नेलं, की गठ्ठा पुढे, पट्टा मध्ये आणि काका मागून जवळजवळ तरंगत. घरात येईल त्याच्या छातीवर तो दोन्ही पाय ठेवायचा. काकूंची नवी चप्पल त्याने एका दुपारी संपवली आणि जुनीला तोंडही लावलं नाही, याचा काकूंना जास्त राग आला.

तरीही हे सगळं घरातल्या घरात होतं. अब्रू गेली ती दुसऱ्या आठवड्यात.

काकांच्या जागी एक तरुण पोस्टवुमन आली होती. काकांनीच तिला आठ दिवस बरोबर हिंडवून हद्द दाखवली होती. कुठल्या फाटकामागे कोण आहे, कोण नुसतंच भुंकतं, कोण न भुंकता चावतं, सगळं सांगितलं होतं. अशा घरांची एक वहीच काकांनी पोस्टात सुरू केली होती. त्यात बावीस घरं होती. त्या दिवशी फाटकाची कडी नीट लागली नव्हती. पोस्टवुमन आली, गठ्ठा बाहेर सुटला आणि त्याने तिची पिशवी धरली. पत्रं रस्त्यावर, दोन गटारात. ती मात्र काकांनी शिकवलं होतं तशीच उभी राहिली. अंग तिरकं, नजर जमिनीवर, पळायचं नाही, ओरडायचं नाही. काकांनी धापा टाकत गठ्ठ्याला आवरलं. तिने पत्रं गोळा केली, गटारातली दोन झटकली आणि शांतपणे म्हणाली, "काका, या घराबद्दल तुम्ही मला काहीच सांगितलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी वहीत तेविसावं घर चढलं. काका पोस्टात जाऊन तिला भेटले, नोंद खोडायची गळ घातली. ती म्हणाली, "खोडीन की. खरी राहिली नाही, की त्याच दिवशी खोडीन."

काका घरी आले. मग काकूंना म्हणाले, की कुत्र्यांकडे मी एकतीस वर्षं फाटकाच्या बाहेरून बघतोय, एवढं आतल्यांना कळत नसेल. त्यांचा हिशेब सोपा होता. पोस्टमन येतो, कुत्रा भुंकतो, पोस्टमन निघून जातो. तो जाणारच असतो, पण कुत्र्याला वाटतं, आपण हाकलला. रोज जिंकणारा पैलवान कुस्ती कशाला सोडेल? म्हणजे ओरडून उपयोग नव्हता. पोस्टवुमन आली की काहीतरी चांगलं होतं, हे गठ्ठ्याला पटायला हवं होतं. पण त्याआधी त्याने काकांचं काहीतरी ऐकायला हवं होतं.

सुरुवात बसण्यापासून झाली. उकडलेल्या अंड्याचा बारीक तुकडा नाकापुढून डोक्यावर न्यायचा, कुत्रा वर बघतो आणि आपोआप बूड टेकतो. टेकलं, की तुकडा त्याच क्षणी द्यायचा. काका तुकडे शर्टाच्या खिशात, रुमालाखाली ठेवायचे. गठ्ठा बसायचा, काका रुमाल बाजूला करायचे, चाचपायचे, तेवढ्यात गठ्ठा मान खाजवायचा आणि मग तुकडा मिळायचा. चार दिवसांत गठ्ठा पक्का शिकला. बस म्हटलं, की बसायचा आणि खाजवायचा. काकूंनी पिसवांचं औषध आणलं. मग एका सकाळी काकांच्याच लक्षात आलं, की खाजवायला आपणच शिकवलंय. त्यांनी कपड्याच्या चिमट्याने कमरेला वाटी अडकवली, तुकडा आधीपासून मुठीत ठेवला आणि खाज एका दिवसात बरी झाली.

दुसरा घोळ शब्दाचा झाला. त्या घरात 'बस' दिवसभर चालायचं. काकू वाढायला लागल्या, की काका म्हणायचे, बस बस. शेजारीण आली, की बस गं जरा. काकू बाजाराला निघाल्या, की बस गेली वाटतं. गठ्ठा बिचारा प्रत्येक वेळी बसायचा, तुकड्याची वाट बघायचा आणि काहीच न मिळता उठायचा. पंधरा दिवसांनी त्याने त्या शब्दाकडे लक्ष देणंच सोडलं. दुसरा शब्द काकूंनी काढला. "टेक म्हणा. ते या घरात कोणी म्हणत नाही." काकांनी 'टेक' असं कागदावर मोठ्या अक्षरात लिहून स्वयंपाकघरात चिकटवलं. ते गठ्ठ्यासाठी नव्हतं. पुढचा आठवडा काका स्वतःच ताटावर बसून टेक टेक म्हणत होते आणि काकू वाढत सुटल्या होत्या.

फिरण्याचं त्यांनी असं केलं, की पट्टा ताणला गेला, की जागच्या जागी उभं राहायचं. ओढायचं नाही, बोलायचं नाही. पट्टा सैल पडला, की चालू लागायचं. पहिल्या दिवशी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत पोचायला पाऊण तास लागला. दर चार पावलांवर खांबासारखे थांबणारे काका बघून दोघांनी पाणी आणून दिलं आणि एका डॉक्टरांनी चालता चालता नाडी बघितली. तीन आठवड्यांनी तेच अंतर दहा मिनिटांवर आलं.

अंगावर उड्या मारण्याचं खातं काकूंकडे होतं. गठ्ठा उडी मारायचा, की काकू पाठ फिरवायच्या आणि चारही पाय जमिनीवर आले, की वळून बोलायच्या. त्यांना हे सहज जमलं. काका म्हणाले, लग्नाला पस्तीस वर्षं झाली, सराव आहे.

मग पोस्टवुमनची वेळ आली. ती रोज साडेअकराला यायची. काका गठ्ठ्याला पट्ट्यात धरून अंगणाच्या पार मागच्या भिंतीशी उभे राहायचे. ती रस्त्याच्या पलीकडे दिसली, की तुकडे सुरू, दिसेनाशी झाली की बंद. भुंकण्याआधी तुकडा जायला हवा होता. चुकून भुंकला, तर काका त्याला रागावायचे नाहीत, दोन पावलं मागे जायचे. मागे भिंत होती, त्यामुळे पहिले काही दिवस काका भिंतीला पाठ चिकटवून उभे असायचे. दर दोन-तीन दिवसांनी ते फाटकाच्या दिशेने एक पाऊल टाकायचे. मध्येच सिलिंडरवाल्याने धाडकन टाकी आपटली आणि आठ दिवसांची कमाई पाण्यात गेली. काका पुन्हा भिंतीला.

दोन महिने झाले. एका सोमवारी पोस्टवुमन फाटकाशी आली, तेव्हा गठ्ठा काकांच्या पायाशी टेकून बसला होता आणि तिच्याकडे न बघता काकांच्या मुठीकडे बघत होता. तिने फाटकावरून पत्र दिलं. मग तिरकी उभी राहून हात खाली सोडला. गठ्ठ्याने तो हुंगला. "हं," ती म्हणाली. काकांना वाटलं, ती आणखी काही बोलेल. ती पुढच्या घरी गेली. पण त्याच संध्याकाळी घरी जाताना ती थांबली आणि नोंद खोडल्याचं सांगून गेली. काकांनी तिला चहाला आत बोलावलं आणि कपात साखर घालायला विसरले.

पुढे वहीतल्या बाकीच्या घरांनाही तिनेच काकांचं नाव सांगितलं. काका जायचे, पण आधी घरातल्या सगळ्यांना एका खोलीत बसवायचे, कुत्र्याला बाहेर. कोण कुठला शब्द वापरतं, सोफ्यावर कोण चढू देतं, ताटातलं कोण चोरून देतं, हे विचारायचे. शेवटच्या प्रश्नावर घरोघरी आजोबा खिडकीबाहेर बघू लागायचे. काकांना पाचवा चावा याच काळात मांडीवर मावेल एवढ्या एका कुत्रीने दिला. चूक माझीच, असं ते प्रत्येकाला सांगत.

मुलगी परत आली तेव्हा गठ्ठ्याला न्यायचं तिने काढलंच नाही. काका पट्टा घेऊन कसे निघतात, ते तिने एकदा बघितलं होतं.

गठ्ठा बाराव्या वर्षी ठार बहिरा झाला. काकांनी चार दिवस हाय खाल्ली, मग अंड्याची वाटी पुन्हा कमरेला लावली. तळवा खाली केला, की टेक. हात छातीशी नेला, की इकडे ये. फरशीवर पाय आपटला, की माझ्याकडे बघ. म्हातारा गठ्ठा तीन आठवड्यांत सगळं शिकला. घरातलं बोलणं मात्र कमी होत गेलं, कारण काका-काकू दोघांनाही हाताच्या खुणांची सवय लागली. काका पाय आपटतात, काकू वळून बघतात, काका बोटांनी चहाचा कप दाखवतात. नव्याने येणाऱ्याला वाटतं, नवरा-बायकोत अबोला आहे. परवा एक पाहुणे तासभर दोघांची समजूत घालून गेले. ते गेल्यावर काकू म्हणाल्या, "भला माणूस होता, उगीच दमला." आणि तळवा खाली करून त्यांनी काकांना खुर्चीत बसवलं.