आज्ञाधारक मुलीची लुकलुकती पट्टी

आमच्या घरात एक नियम आहे. मोठेकाकांनी लिहिलेल्या मजकुराला कोणी नावं ठेवायची नाहीत. मोठेकाका म्हणजे अप्पांचे, माझ्या वडिलांचे, थोरले भाऊ. कुंभकोणमातल्या आम्हा मराठी मंडळींच्या लग्नपत्रिका, मुंजीची आमंत्रणं, बाराव्याची पत्रं, सगळं वर्षानुवर्षं त्यांच्याच हातचं. दहावीत असताना मी एका पत्रिकेतली नऊ विशेषणं मोजून दाखवली, तर दोन दिवस माझ्याशी कोणी बोललं नाही. आणि नियम का, असं विचारायचं नाही, हाही नियमच!

तर हा नियम मी मोडला. यात फजिती कसली, म्हणाल. अहो, आपण तो मोडतोय हे मलाच ठाऊक नव्हतं!

मी इंटरनेटवरच्या जाहिरातींवर सदर लिहिते. इंग्रजीतून, टोपणनावानं. तीन वर्षं झाली. हसू नका, या धंद्याचं वयच चार-पाच वर्षांचं. त्या मानानं मी पणजी आहे. दर सोमवारी महामहम तळ्याजवळच्या इंटरनेट सेंटरात जायचं, मोडेमचं किंचाळणं ऐकायचं आणि वेबपानांच्या माथ्यावर लुकलुकणाऱ्या जाहिरात-पट्ट्यांची सालं काढायची. घरी याला ‘कॉम्प्युटर क्लास’ म्हणतात. एम.ए. झालेली मुलगी क्लासला जाते, हे चारचौघांत सांगता येतं. ती लोकांना नावं ठेवते, हे कसं सांगणार?

एका सोमवारी अमेरिकेत गेलेल्या आमच्याच तंजावरी मंडळींच्या वेबसाइटवर एक पट्टी दिसली. कोपऱ्यात फडफडणारा दिवा आणि शेजारी मजकूर: गोरी, सुशील, मितभाषी, आज्ञाधारक, पाककुशल, वय चोवीस, वर पाहिजे. ना नाव, ना गाव.

माझ्या हाताला खाज सुटली. लिहिलं, ‘ही मुलगी आहे की पितळी समई? घासा, तेल घाला, कोपऱ्यात उभी करा. अशी मुलगी पृथ्वीच्या पाठीवर खरोखर असेल, तर मी हे सदर लिहिणं सोडून देईन.’ खाली त्या पट्टीचा दुवाही दिला, लोकांनी स्वतः जाऊन हसावं म्हणून. मग घरी येऊन फिल्टर कॉफी प्यायले. काय समाधान वाटलं म्हणून सांगू!

तीन आठवड्यांनी मोठेकाकांच्या नावावर परदेशातून एक जाडजूड पाकीट आलं. ते अप्पांसमोर बसून एकेक कागद वाचत होते आणि चेहरा असा, जणू हे सगळं येणार हे त्यांना आधीच ठाऊक होतं. मला हाक मारली.

“काय गे, तुझ्या क्लासात कोणी ओळखतं का ह्या लेखकाला? आभाराचं पत्र घालायचंय.”

त्यांनी पुढे केलेला कागद पाहिला, तर काय! माझं सदर!

“ह्यानं आपल्या जाहिरातीवर लिहिलं, म्हणून वेबसाइटवाल्यांकडे एवढी स्थळं आली,” काका म्हणाले. “मुलीला समई म्हटलंय बघ. लक्ष्मीच की!”

“आपली जाहिरात? कोणासाठी?”

“तुझ्यासाठी. आणखी कोण आहे घरात लग्नाचं?”

आता मला सांगा, दुसऱ्यांच्या जाहिराती तीन वर्षं फाडणाऱ्या बाईला स्वतःची जाहिरात ओळखता येऊ नये? पण ओळखणार कशी? मी सव्वीसची, सावळी, आणि मितभाषी? माझा रस्सम एकदा मोलकरणीनंही नाकारलाय!

जीभ आवरेना. म्हटलं, हा लेखक मीच आहे, आणि ही स्तुती नाही, थट्टा आहे. अप्पांनी चष्मा काढला. मोठेकाका मात्र डगमगले नाहीत. त्यांनी तो कागद पुन्हा वाचला, अगदी शेवटपर्यंत, आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

“अशी मुलगी असेल तर लिहिणं सोडीन, हे तूच लिहिलंयस ना? मग झालं, ती मुलगी तूच. पापनाशमची मंडळी शुक्रवारी बघायला येतायत. त्यांचा मुलगा अमेरिकेत आहे. त्यांना बायकोनं लिहिणं चालत नाही. तू दिलेला शब्द तूच पाळ.”

घ्या! माझ्याच वाक्यानं माझाच गळा. तीन वर्षांचं सदर शुक्रवारच्या केसरी शिऱ्यासोबत बशीत वाढलं जाणार होतं. डोकं तापलं.

“शब्द अशी मुलगी असली तर पाळायचा ना?” मी म्हटलं. “अशी मुलगी ह्या घरात नाही. मी गोरी नाही, सुशील नाही, आज्ञा तर मी कोणाची ऐकलेली नाही, आणि मला स्वयंपाक येत नाही. म्हणून सदर बंद होणार नाही, आणि शुक्रवारी कोणी येणार नाही. त्यांना तसं कळवा.”

मोठेकाकांनी कागद खाली ठेवला. अप्पांनी छताकडे पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती.

मी जिंकले होते. तरी जरा वेळ तिथेच उभी राहिले. म्हटलं, निदान कोणी एक तरी म्हणेल, ‘नाही गे, एवढीही काही वाईट नाहीस.’

कोणीही म्हणालं नाही.