बातमीत नाव कुणाचं

भूपाल मगदूमची बायको त्रिशला गेली त्या दिवशी तो मागावर वाकलेला होता. खिशातला फोन थरथरला. काढून बघितला तर पडद्यावर तिचंच नाव. कारखान्यात सगळे यंत्रमाग खडखडत होते, त्यात कुणालाच काही ऐकू आलं नसतं. खरं सांगायचं तर माग बंद असते तरी भूपालला फोनवरचं ऐकू आलं नसतं. पण सवय मोठी. त्यानं फोन कानाला लावला. पलीकडे ती बोलत असेल असं त्यानं धरलं. सकाळी ती बातमी घेऊन कोल्हापूरला वर्तमानपत्राकडे गेली होती ते त्याला आठवलं, आणि तो मोठ्यानं म्हणाला, "बरं झालं! लई बरं झालं! ये आता, एस.टी. पकडून."

मग त्यानं शेजारच्या मागावरच्या सिकंदरला खुणेनं सांगितलं, हिची बातमी लागली. सिकंदरनं अंगठा वर केला.

संध्याकाळी गल्लीत शिरला तर दारात चपलाच चपला. लोक कौतुकाला आले असतील असं त्याला वाटलं. उंबऱ्यापर्यंत तो हसतच गेला.

वर्तमानपत्राच्या कचेरीचा जिना चढताना ती कोसळली, ती पुन्हा उठलीच नव्हती. तिच्या फोनवरून ज्यानं कळवलं तो हेरवाडे नावाचा बातमीदार. 'बरं झालं' हे उत्तर त्याला मिळालं होतं. तो तिला घेऊन आलेल्या गाडीतूनच आला होता. हात जोडून बाजूला उभा राहिला.

त्रिशलानं कितीतरी वर्षं छापखान्यात कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका जुळवल्या. लेक अनघा लग्न होऊन पुण्याला गेली, आणि हिनं एक दिवस स्वतःचंच कार्ड छापून आणलं. 'सौ. त्रिशला भूपाल मगदूम, जनसंपर्क'. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, "जनसंपर्क म्हंजे आम्ही नळावर करतो त्योच की गं! त्येला कार्ड कशाला?" ती हसली. पण काम सोडलं नाही. शिवणक्लासचं प्रदर्शन, दातांचा दवाखाना, पोहायचा तलाव, अशा लहानसहान लोकांच्या बातम्या लिहून ती वर्तमानपत्रांकडे नेऊ लागली.

सुरुवातीला सगळं चुकलं. पहिल्या वेळी ती लाडवांचा डबा घेऊन गेली आणि डबा घेऊनच परत आली. एकदा संध्याकाळी, पानं लागायच्या ऐन घाईत फोन केला आणि शिव्या तेवढ्या खायच्या राहिल्या. प्रेसनोटमध्ये व्यासपीठावरच्या सगळ्यांची नावं घातली. छापून आल्या दोन ओळी, आणि त्यात एकाचंही नाव नाही. मग ती शिकली. फोन दुपारच्या आत. मुद्दा पहिल्या वाक्यात. छापून आली का म्हणून परत विचारायचं नाही. आणि जायच्या आधी घरी तालीम. भूपाल पाटावर बसून बातमीदार व्हायचा. "बोला बाई लवकर, पान लागायचंय," असं दरडावायचा. त्याला ऐकू जावं म्हणून ती ओरडून बोलायची. गल्लीला प्रेसनोट पाठ व्हायची, पण मागांच्या गल्लीत ओरडून बोलण्याचं कुणाला नवल नव्हतं.

शेवटचं काम होतं डॉक्टर ऐनापुरे बाईंचं. मागावर काम करणाऱ्यांचे कान फुकट तपासायचं शिबिर. गेलेलं ऐकू येणं परत येत नाही, पण तरण्या पोरांचं राहिलेलं वाचेल, असं डॉक्टरबाईंचं म्हणणं. हेरवाड्यांनी त्रिशलाला स्पष्ट सांगितलं होतं, "शिबिरं रोजच असतात, ताई. कान गेलेला एक माणूस द्या. नाव आणि फोटोसकट. अर्धं पान देतो."

ती सगळ्या गल्लीत फिरली. नाव द्यायला कुणी तयार नाही. एका दाराला तेवढं तिनं विचारलं नाही, ते घरचं. कारण भूपाल जॉबर. बिघडलेला माग जुळवणारा माणूस. तो दारात उभा राहून, नुसत्या आवाजावरून कुठला माग दुखतोय ते सांगतो, अशी त्याची ख्याती. शेठ पाहुण्यांना दाखवायचे, "ह्येचा कान बगा." तो कान कधीच गेला होता. भूपाल आता मागाच्या लोखंडावर तळवा टेकून हादऱ्यावरून बिघाड ओळखायचा. हे त्रिशलाला तेवढं ठाऊक होतं. नाव छापून आलं तर बहिऱ्या जॉबरला कोण ठेवणार? म्हणून ती त्या दिवशी 'एक कामगार' असं लिहून, बिननावाचीच बातमी घेऊन निघाली होती.

ती गेल्यामुळे शिबिर पुढं ढकललं. आता ते या रविवारी आहे. काल डॉक्टरबाई येऊन त्याच्यासमोर बसल्या, कानाच्याच डॉक्टर त्या, त्याची अडचण ओळखून ओठ दिसतील असं सावकाश बोलल्या. "काका, पेपरात आलं नाही तर कुणी यायचं नाही. याआधीच्या एका शिबिराला रिकाम्या खुर्च्या बघितल्या मी. हेरवाड्यांशी तुम्ही बोलाल?"

"बगतो," भूपाल म्हणाला.

आज तो रात्रपाळी करून आला आहे. दाराला आतून कडी घातली, दोन घास खाल्ले, खाटेवर आडवा झाला. खिडकीतून ऊन पायावर आलं आहे. गल्लीतले माग चालू आहेत. त्यांचा आवाज त्याला येत नाही, खाटेच्या लोखंडातून बारीक थरथर तेवढी पाठीला लागते. या थरथरीवरच त्याला झोप लागते. डोळे जड होतात. ऊन गुडघ्यापर्यंत येतं.

मग थरथर थांबते.

वीज गेली असेल, असं त्याच्या मनात येतं. तेवढ्यात स्वयंपाकघरात पातेल्याला पळी लागते. टण्ण.

भूपाल श्वास धरून पडून राहतो. हा आवाज त्यानं किती वर्षांत ऐकलेला नाही. मग नळ थेंब थेंब गळताना ऐकू येतो. मग बांगड्या.

"उठलासा?" ती हळू विचारते. इतक्या हळू ती त्याच्याशी तरुणपणी बोलायची.

"त्रिशला?"

"वरडताय कशाला? हितंच हाय की मी."

ती ओट्यापाशी पाठमोरी उभी आहे. अंगावर त्या दिवशीची मोरपंखी साडी, खांद्याला कागदांची पिशवी. पदराला जिन्याची धूळ लागली आहे. ती कापसाचा बोळा वळते आहे. बोटांनी घट्ट पिळायचा, खोबरेलात बुडवायचा, आणि ओढून काढता यावा म्हणून लाल सुताचं शेपूट ठेवायचं. रोज कामावर जाताना त्याच्या डब्याबरोबर असे दोन बोळे असायचे. ती गेल्यापासून त्यानं कानात काही घातलेलं नाही. गेलेल्या कानाला राखण कशाला?

"तू कशी आलीस?" तो विचारतो.

"तुम्हीच म्हणालासा की, ये एस.टी. पकडून. आले." ती सूत गुंडाळते. "उशीर झाला जरा."

भूपाल कोपरावर रेलतो. "त्ये मी... मला वाटलं बातमी लागली."

"ऐकलं मी. जिन्यावर फोन माझ्या कानाजवळच होता."

"मग काही बोलली का न्हाईस?"

"तुम्ही इतकं खूश होऊन बोलत होतासा," ती म्हणते, "मध्ये कशाला बोलायचं?"

तो तिच्याकडे जायला उठतो. पायाखाली फरशी नाही, जिन्याच्या पायऱ्या आहेत. ती पुढे चढते आहे, तो मागे. दोन्ही बाजूंच्या भिंतींना माग लावलेले आहेत. सूत नेणारे धोटे इकडून तिकडे पळताहेत, कापड उतरतंय, आणि आवाज अजिबात नाही. कापडावर अक्षरं विणली जाताहेत. तो वाकून बघतो. लग्नपत्रिका आहेत. सगळ्या पत्रिकांत नावांची जागा कोरी.

"सावकाश चढा," ती वरून म्हणते. "ह्यो जिना वाईट हाय."

वर कचेरी आहे. कचेरीत एक टेबल, टेबलावर त्यांच्या घरचा पाट. पाटावर त्रिशला मांडी घालून बसली आहे, हातात पेन, कपाळाला आठ्या. भूपाल खाली उभा आहे. पिशवी आता त्याच्या खांद्याला आहे आणि ती जड आहे.

"बोला लवकर," ती दरडावते, "पान लागायचंय."

"अगं, मी..."

"अगं-बिगं काय? बातमीदार हाय मी. लाडू आणलाय काय?"

"न्हाई."

"बरं केलंसा. सुधारणा हाय. बोला."

भूपालला हसू येतं. मग तो हात बांधून, ती उभी राहायची तसा उभा राहतो. "रविवारी, मागावरच्या कामगारांच्या कानाचं शिबिर हाय, सायेब."

"शिबिरं रोजच असतात. पुढं?"

"आमच्या गावात पोरं विशी-पंचविशीत बहिरी व्हायला लागल्यात. त्यास्नी कळत न्हाई. माग बंद झाला की कळतं, तवर उशीर झालेला असतो."

ती लिहिते. "हे बरं हाय. हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? आईनं हाक मारलेली ऐकू यायची बंद होते. मग पोरीचं बोलणं. लेक फोन करते, आपण नुसतं हूं हूं म्हणायचं. बाईल रोज बोलती, तिचा घसा बसतो. मग एक दिवस..."

"एक दिवस काय?"

"एक दिवस ती गेल्याचा फोन येतो, आणि माणूस म्हणतो बरं झालं."

पेन थांबतं. कचेरीत इतकी शांतता आहे, की तिच्या पदरावरची धूळ खाली पडते तीही त्याला ऐकू येते.

"ही बातमी," ती म्हणते. "नाव सांगा."

"एक कामगार."

"गावात कामगारच कामगार हायत. कुठला एक?"

"एक जॉबर लिव्ह."

"नाव."

"नाव दिलं तर शेठ कामावरनं काढतील, त्रिशला. साऱ्या गल्लीत काय म्हणतील? ह्येचा कान बगा म्हणत होते."

"मग दोन ओळी मिळतील." ती पेनाला टोपण लावते. "आतल्या पानावर, खाली."

"तू मला कधी इचारलं न्हाईस," तो म्हणतो. "सगळ्यांस्नी इचारलंस."

"तुम्ही नाही म्हणाला असतासा."

"आनि हो म्हणालो असतो तर?"

ती पाटावरून उतरते, त्याच्या समोर येऊन उभी राहते. तिच्या बोटांना खोबरेलाचा वास आहे. "मला त्या जिन्यावर जायला लागलं नसतं," असं ती म्हणेल, म्हणून तो वाट बघतो. ती तसं म्हणत नाही. ते तिच्या स्वभावात नव्हतं. ती नुसती त्याचा सदरा नीट करते.

"फोनवर मला ऐकू येत न्हाई," तो म्हणतो. "हेरवाडे काय बोलतील त्ये मला कळायचं न्हाई."

"आपण बातमी सांगायला फोन करतो. आपण बोलायचं, त्यांनी ऐकायचं. इतकी वर्षं तालीम घेतलीसा माझी, एवढं कळलं नाही होय?"

खाली कुठंतरी एक माग सुरू होतो. तो आवाजावरूनच ओळखतो, दाराकडचा तिसरा, त्याचा पट्टा सैल झालाय. मग दुसरा सुरू होतो. मग सगळेच.

"पान लागलं," ती म्हणते. "नाव सांगा लवकर."

"भूपाल," तो म्हणतो. "भूपाल नेमगोंडा मगदूम."

ती कपाळाला आठ्या घालते. हात कानामागं धरते. "काय?"

"भूपाल मगदूम! जॉबर!"

"काय म्हणालासा?" तिचे ओठ हलतात. आवाज आता त्याला येत नाही, पण ओठ त्याला वाचता येतात. ती कानामागं हात धरून तशीच उभी आहे, तो करतो तशी, मान जरा वाकडी करून, तोंडावर लाजल्यासारखं हसू आणून. तो ओरडतो. पुन्हा ओरडतो. घशातून सगळा जीव काढून तो स्वतःचं नाव सांगतो. त्रिशला मान डोलावते. काहीच ऐकू न आलेलं माणूस डोलावतं तशी, समजुतीनं. तिचे ओठ म्हणतात, "बरं झालं."

मग ती हात पुढं करते आणि त्याच्या उजव्या कानात बोळा बसवते.

भूपाल उठून बसतो. ऊन छातीवर आलं आहे. खाटेचं लोखंड थरथरतंय. गल्लीतले माग चालू आहेत. घसा दुखतोय, म्हणजे तो खरंच ओरडला असावा. समोरच्या खिडकीत शेजारची बाई उभी आहे, त्याच्याकडे बघत काहीतरी विचारते आहे. तो हातानं सांगतो, काही नाही, काही नाही.

मग त्याचा हात कानाकडे जातो.

उजव्या कानात बोळा आहे. घट्ट बसलेला. लाल सुताचं शेपूट मानेवर लोंबतंय. तो हळू ओढून काढतो आणि तळहातावर ठेवतो. कापूस पांढरास्वच्छ आहे, आणि ओला. उशीच्या अभ्र्यावर तेलाचा डाग पडला आहे.

तो उठून दार बघतो. कडी आतून लावलेलीच आहे. स्वयंपाकघरात ओटा कोरडा, पातेलं पालथं. खोबरेलाची बाटली ती गेल्यावर संपली, ती त्यानं परत आणलेली नाही.

फळीवर तिचा फोन आहे. अनघा म्हणाली होती बंद करून टाका, पण तो रोज चार्ज करतो. तो फोन घेऊन खाटेवर बसतो. हेरवाड्यांचा नंबर काढतो. दुपार व्हायला अजून अवकाश आहे, ही तिची फोन करायची वेळ. बोळा मुठीत धरून तो एकदा मोकळ्या खोलीत स्वतःचं नाव म्हणून बघतो. ते त्याला ऐकू येत नाही. छातीत हादरा तेवढा बसतो.

शिबिर रविवारी आहे. हेरवाड्यांना फोन अजून केलेला नाही.