दोरीचा नंबर शेवटचा

काकूचा हात पट्ट्यात गेला तेव्हा आईने दोरी ओढली होती. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या वर्षी हे वाक्य मी ज्याला त्याला सांगत फिरले आणि कोणीच ते पूर्ण ऐकून घेतलं नाही.

काकू म्हणजे आमच्या शेजारची. नात्याची नाही, पण आमच्या वस्तीत भिंतीला भिंत लागली की नातं वेगळं लावावं लागत नाही. ती आणि आई आंधळगावच्या रस्त्यावरच्या एका राईस मिलमध्ये मजुरीला जायच्या. साडीवर पुरुषी फुल शर्ट, डोक्याला दुपट्टा. धान वर चढवणाऱ्या पट्ट्याखाली जे सांडतं ते झाडायचं आणि परत टाकायचं, हे काम. भंडारा जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा मी बालवाडीत होते. तेव्हापासून या दोघींना मी जोडीनेच बाहेर पडताना पाहिलं.

मी नागपुरात इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, एका छोट्या कारखान्यात कंट्रोल पॅनेलचे प्रोग्रॅम लिहिले, आणि ते सोडून गावी आले. मिल कामगारांची पत्रकं लिहायला. वस्तीला वाटलं, नोकरीवरून काढली असेल. असो. अपघात झाला त्या दिवशी मी भंडाऱ्याला छापखान्यात बसले होते.

शर्टाची बाही पट्ट्यात अडकली. आईने पट्टा थांबवायची दोरी दोनदा हिसकली, सोडली आणि मागे सरकून उभी राहिली. पट्टा चालूच. काकूच्या ओरडण्याने मिस्त्री धावत आला, त्याने मेन स्विच पाडला. हात वाचला, पण कोपर पुन्हा कधी सरळ झालं नाही.

आई मागे का सरकली, हे जुन्या मिलमध्ये काम केलेल्यालाच कळेल. पूर्वी ती दोरी घंटेची होती. ओढली की इंजिनखोलीत घंटा वाजायची आणि तिथला माणूस हातातलं टाकून खटका पाडायचा. दोन हिसके द्यायचे, दोरी सोडायची आणि लांब व्हायचं, कारण पट्टा थांबताना झटका देतो. बायकांच्या अंगात ती रीत भिनली होती. मग मिलच्या शेठने इंजिनखोलीतला माणूस काढला आणि त्याच्या जागी पॅनेल बसवलं. दोरी तीच ठेवली. रीत बदलली आहे, हे बायकांना कोणी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी शेठने सगळ्यांना गोळा करून स्वतः दोरी ओढली आणि धरून ठेवली. पट्टा थांबला. तो म्हणाला, चालते की दोरी. मग बाईने ओढलीच नसेल, घाबरली असेल. एवढ्यावर विषय मिटला. खोटी ठरली ती माझी आई.

आणि काकूने ते मानलं. तिला जे दिसलं होतं ते एवढंच, की तिचा हात आत जात होता आणि तिची मैत्रीण हात सोडून मागे उभी होती. दोन्ही घरांमधल्या कुंपणात ये-जा करायला जी फट होती, तिथे काकूच्या घरच्यांनी बांबूचा तट्टा बांधला. बोअरिंगवर आई गेली की बोलणं थांबायचं. एकदा तिच्या मागून, आमच्या दारापर्यंत ऐकू आलं, "मॅडमची माय हाय ते. फोटो काढाले उभी रायली असंन." हसल्या सगळ्या. मॅडम म्हणजे मी. आई हंडा भरून आली आणि दुसरा घेऊन निघाली. त्या घरात आम्ही दोघीच होतो.

मला आईचा शब्द खरा करून दाखवायचा होता. दुसरं काही नाही.

मिस्त्रीने सुट्टीच्या दुपारी मला आत घेतलं. त्यालाही झोप लागत नव्हती, कारण उद्या कोणाचा हात जाईल याचा नेम नव्हता. आम्ही पट्टा रिकामा चालवला. मी दोरी ओढून धरली, पट्टा थांबला. हिसका देऊन सोडली, थांबला. पुन्हा हिसका, पुन्हा थांबला. मी खाली बसले. मग मिस्त्रीने सहज एक पोतं वजनकाट्यावर टाकलं, पॅनेलच्या पडद्यावर मेसेज जात असल्याची खूण फिरू लागली, आणि मी जवळजवळ रागाने दोरी दोनदा हिसकली.

पट्टा चालत राहिला.

असे प्रोग्रॅम मी स्वतः लिहिले होते, म्हणून हे का झालं ते मला त्या क्षणी कळलं, पण ज्याला ते सगळं उलगडून सांगावं असं जवळ कोणी नव्हतं. इथे सांगते. पॅनेलमधल्या चिपला हात एकच असतो आणि कामं अनेक. वजन घे, पडदा लिही, मोटरची गरमी बघ, शेठच्या मोबाइलवर मेसेज पाठव, दोरी बघ. प्रत्येक कामाला नंबर दिलेला असतो, म्हणजे आधी कोणाचं आणि मागून कोणाचं. एका कामावरून दुसऱ्यावर जाताना चिप हातातलं सगळं जसंच्या तसं त्या कामाच्या कप्प्यात ठेवते आणि दुसऱ्याचं उचलते. परत आली की त्याच ठिकाणाहून पुढे सुरू. याला आम्ही कॉन्टेक्स्ट स्विच म्हणायचो. तो इतका झटपट होतो की सगळी कामं एकदमच चालली आहेत असं वाटतं.

आणि एक असतो इंटरप्ट. तो रांगेत उभा राहत नाही. त्याची तार सरळ चिपला भिडलेली असते. तो आला की हातातलं काम, कोणाचंही असो, ठेवायचं. तो हिसका क्षणभराचा असला तरी त्याची नोंद राहते, पुसत नाही. त्याने फक्त सर्वात वरच्या नंबरच्या कामाला जागं करायचं. मोटर बंद कर, बस.

या पॅनेलमध्ये दोरीला इंटरप्ट दिलाच नव्हता. दोरी रांगेत होती आणि तिचा नंबर शेवटचा. मेसेजचा नंबर पहिला. दर पोत्याला शेठला मेसेज जायचा, आणि आमच्या भागात नेटवर्क मिळेपर्यंत ते काम अडून बसायचं, खालच्यांना पाळी देत नव्हतं. शेठने धरून ठेवलेली दोरी पाळी येईपर्यंत ओढलेलीच राहिली. आईचे दोन हिसके पाळी येण्याआधीच संपले. खरं तर अशी दोरी प्रोग्रॅमच्या भरवशावर ठेवूच नये, तिने मोटरची वीज सरळ तोडली पाहिजे. पण हा नंबर कोणीतरी बसून लिहिला होता. माल किती निघाला हे पहिलं, आणि बाईचा हात शेवटचा. चिपने लबाडी केली नाही. तिला सांगितलं ते तिने केलं.

मी रात्रंदिवस याच एका गोष्टीवर पत्रक लिहिलं. आम्ही पत्रकं काढणारे चार जण होतो. बाकी तिघांनी ते वाचलं. एकाने मग समजुतीने सांगितलं, की हे कोणाला कळणार नाही, सरळ 'रक्तपिपासू शेठ' लिही. मी म्हटलं, रक्तपिपासू लिहिलं तर तो हसेल, नंबर लिहिला तर घाबरेल. ते म्हणाले, तू कारखान्यात फार दिवस राहिलीस. शेवटी मी ते पत्रक एकटीने वाटलं. मिलच्या फाटकावर लोकांनी घेतलं, घडी घालून खिशात ठेवलं. हंगाम होता. मिल बंद पडलेली कोणालाच नको होती, आणि त्यांना दोष द्यायला माझी जीभ वळत नाही.

शेठने आधी पाटी लावली, 'दोरी ओढून धरून ठेवावी'. मी मिस्त्रीला म्हटलं, ज्याचा हात अडकलाय त्याने दोरी किती वेळ धरायची तेही लिहा. पाटी चार दिवसांनी निघाली. त्यानंतर आठवड्याने मिस्त्रीनेच शेठला काट्यावर पोतं टाकून तो प्रकार करून दाखवला, आणि दोरीची तार पॅनेलमधून काढून सरळ मोटरच्या विजेच्या वाटेत जोडली. कबुली कोणी दिली नाही. पण पट्टा आता हिसक्यालाही थांबतो.

मग मी आईला घेऊन काकूकडे गेले. तट्ट्याला वळसा घालून, समोरच्या दाराने, पाहुण्यांसारखं. काकू वाकडा हात मांडीवर घेऊन बसली होती. मी सगळं सांगितलं. मेसेज, नंबर, पाळी, घंटेची रीत. मिस्त्रीने काय पाहिलं तेही. तिने मधे एकदाही अडवलं नाही. मला वाटलं, झालं.

"समजलं बाई," ती म्हणाली. "तुही माय खोटं नाही बोलली."

आईने डोळ्याला पदर लावला. काकू तिच्याकडे न बघता पुढे बोलली.

"पण मी डोये मिटले का मले ते उभी असलेलीच दिसते. त्याले मी काय करू?"

मी तोंड उघडलं. माझ्याजवळ अजून बरंच होतं, तिची चूक कुठे होते ते दाखवणारं. आईने माझा दंड धरून मला उठवलं. चहा झाला नाही. बाहेर आल्यावर मी चिडून म्हटलं, "अगं, तू ओढली होतीस ना दोरी? मग ऐकून काय घेतेस?"

"ओढली," आई म्हणाली. "पण उभी बी होती ना मी. तिनं पाह्यलं ते बी खरंच हाय."

आणि ती चुलीकडे गेली. आता गावात आईला कोणी खोटी म्हणत नाही. दोघी मिलमध्ये नाहीत, काकू घरीच असते, आई रोजगार हमीवर जाते, एकटी. तट्टा कोणी सोडला नाही. मी पुढे बरीच पत्रकं लिहिली, त्यातली काही कामी आली. आईसाठी लिहिता येईल असं एकही सापडलं नाही.