तीन हातांचं काम

तारेला डाग द्यायला माणसाला तीन हात लागतात, ही गोष्ट लोणावळ्याच्या शाळेत सात वर्षं शास्त्र शिकवूनही मला माहीत नव्हती. एका हातात तापलेली सळई, दुसऱ्यात कथील, आणि दोन तारांची टोकं एकमेकांना भिडवून धरायला तिसरा. मासिकात वाचून मी रेडिओ जुळवला होता (स्फटिकावर चालणारा, वीज नको, बॅटरी नको), त्यात या तिसऱ्या हाताबद्दल अवाक्षर नव्हतं.

घरच्या आंब्यापासून कौलांपर्यंत लांबलचक तार ताणून झाली होती. राहिला होता एकच सांधा, कानाला लावायच्या चकतीचा. आणि नेमकं त्याच दिवशी संध्याकाळी साडेपाचला माझा मेहुणा दत्तू मुंबईच्या रेडिओवर तबला वाजवणार होता.

दत्तूचं असं, की सहा वर्षांपूर्वी सासऱ्यांनी त्याचा तबला परसात भिरकावला, आणि त्या दिवशी घर सोडून गेलेला तो कामशेतला परत फिरकला नव्हता. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे मामींनी, तेव्हापासून त्याचा आवाज ऐकला नव्हता की हात ऐकला नव्हता. सुशीलेनं, म्हणजे माझ्या बायकोनं, त्यांना कळवलं, "आई, ये. हे ऐकवतील." मला न विचारता कळवलं. मामी सकाळच्या गाडीनं आल्या आणि रेडिओसमोर पाट टाकून बसल्या.

जेवणं झाल्यावर मी सळई शेगडीत घातली आणि तारा सुशीलेच्या चिमटीत दिल्या.

"अहो, तापतंय."

"तापणारच. तांबं उष्णतेचं सुवाहक आहे."

"मग सुवाहकालाच धरायला सांगा," म्हणून तिनं तारा सोडल्या आणि बोटं पाण्यात बुडवली.

सांडशीनं धरून पाहिलं, तारा निसटल्या. सुतानं बांधून पाहिलं, सूत जळालं. दातांत धरून पाहिलं, त्याबद्दल बोलत नाही. चार वाजले.

"जावईबापू, हे घ्या," म्हणत मामींनी चंचीतून अडकित्ता काढला. "ह्याच्यात धरते मी. माजा हात न्हाई हलत."

खरंच हलत नव्हता. मी खूश होऊन म्हणालो, "मामी, आता दाबून ठेवा." चाळीस वर्षं सुपारी कातरलेल्या हाताला अडकित्ता दाबायला सांगणारा मी शास्त्राचा मास्तर. टोक तुटून मामींच्या ओच्यात पडलं.

आता चकतीतून जेमतेम बोटभर तार बाहेर होती. मामी घड्याळाकडे बघत नुसत्या बसून राहिल्या, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी चपला अडकवल्या आणि बाजारात कंदील-चिमण्या बनवणाऱ्या हुसेनभाईंना अक्षरशः हाताला धरून घेऊन आलो.

हुसेनभाईंनी सगळा पसारा पाहिला. "मास्तर, हात कशाला गुंतवता? पाय मोकळेच आहेत की."

ते जमिनीवर बसले. चाकूनं तारेवरचा रंग खरवडला (तो खरवडायचा असतो!). मग उजव्या पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट, यांच्यामध्ये दोन्ही तारा अशा धरल्या, की केसाएवढी हालचाल नाही. राळ लावली, कथील टेकवलं, सळई फिरवली. सांध्यावर मोहरीएवढा चकचकीत थेंब बसला. भाजलं का, असं मी विचारलं तेव्हा ते बिडी पेटवत होते. मी आजवर बरीच उपकरणं हाताळली, पण त्या पायासारखं उपकरण पाहिलेलं नाही. अजूनही आठवलं की हात जोडावेसे वाटतात.

साडेपाचला दोन मिनिटं कमी होती. चकती एकच, कान एकाचाच. ती मामींनी लावली. मी स्फटिकावर सुई हळूहळू सरकवत होतो आणि त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. एकाएकी मामींनी हात वर केला. मी सुई तिथंच थांबवली.

घाटाखालून, एवढे डोंगर ओलांडून, त्या कपाएवढ्या चकतीत कोणीतरी तबला वाजवत होतं, आणि आम्हा तिघांना तो फक्त मामींच्या गुडघ्यावर हलणाऱ्या बोटांत दिसत होता. पंधरा मिनिटं कुणी हललं नाही. मामींच्या डोळ्यांना धार लागली होती.

"त्योच," त्या शेवटी म्हणाल्या. "डावा हात लय जड मारतो, तसाच हाय अजून."

मग त्या उठल्या आणि वाकून हुसेनभाईंच्या पायाला हात लावला. ते बिचारे अवघडून "मावशी, मावशी" करत मागं सरकले. मला त्यांनी जाताना "येते" म्हटलं.

महिन्यानं मी कामशेतला गेलो, तर ओसरीवर शेजारचे आबा मामींना विचारत होते, "रेडू कुनी केला म्हनं?"

"लोनावळ्याचे हुसेनभाऊ हाईत. पायानं करत्यात."

"मंग जावई?"

"ते व्हते की तितं. पंख्यानं शेगडीला वारा घालत व्हते."

मामींनी माझी लाज राखली. पंखा हुसेनभाईंनी दुसऱ्याच मिनिटाला माझ्या हातातून काढून घेतला होता. वाऱ्यानं डाग गार पडतोय म्हणाले.