दुपारी दीडची विहीर

बाबांचा घाम थांबला तेव्हा दुपारचे दोन वाजत आले होते, आणि मला मूर्खासारखं बरं वाटलं. सकाळपासून त्यांच्या कपाळावरून धारा लागल्या होत्या. आता कपाळ कोरडं दिसत होतं. सरावले एकदाचे उन्हाला, असं मी मनात म्हटलं आणि पायडल मारत राहिले.

पुण्याहून निघून आमचा तिसरा दिवस होता. बाबा त्याच वर्षी निवृत्त झाले होते. बुधवार पेठेतून तीस वर्षं सायकलवर कचेरीत गेलेला माणूस, निरोपसमारंभाचा हार सुकायच्या आत त्यांनी जाहीर केलं की आपण सायकलने समुद्र बघायला जाणार. आई म्हणाली, "खुशाल जा, मी माहेरी जाते." मी शाळेत शिकवत होते, एप्रिलअखेरची सुट्टी लागली होती, तेव्हा त्यांच्यावर लक्ष ठेवायला माझी नेमणूक झाली. बाबांवर लक्ष ठेवायचं म्हणजे ते सांगतील ते ऐकायचं, असा आमच्या घरात त्याचा अर्थ होता.

वरंधा घाट उतरून आम्ही श्रीवर्धनला मुक्काम केला होता. किनाऱ्याकिनाऱ्याने दिवेआगर गाठायचं आणि त्यासाठी पहाटे निघायचं ठरलं होतं. पण बाबांच्या सायकलचं मागचं चाक बसलेलं निघालं. समोरच पंक्चरवाला होता, पण आपली ट्यूब परक्या हातात द्यायची म्हणजे काय! घमेल्यात पाणी घेऊन ते स्वतः बुडबुडे शोधत बसले. आम्ही निघालो तेव्हा दहा वाजून गेले होते.

रस्ता कच्चा, तांबडा. डाव्या हाताला समुद्र, उजवीकडे डोंगर, आणि चढ आला की दोघांनी उतरून सायकली ढकलायच्या. ऊन आम्हाला नवं नव्हतं. पण पुण्याच्या उन्हात झाडाखाली उभं राहिलं की जिवात जीव येतो. इथे सावलीतही हवा ओल्या घोंगडीसारखी अंगावर पडून होती. एक वाजता आमच्या बाटल्या संपल्या.

दीडच्या सुमाराला माडांच्या मागे एक घर दिसलं. अंगणात विहीर, रहाटावर दोर, काठावर कळशी. मी उतरून सायकल स्टँडला लावली.

"कुठे निघालीस?" बाबांनी विचारलं.

"पाणी मागते."

"घड्याळ बघितलंस? लोक जेवून आडवे झाले असतील."

"मग उठवत नाही कुणाला. विहिरीचंच काढून घेते."

"न विचारता? दुसऱ्याच्या विहिरीतून?"

म्हणजे न विचारता घ्यायचं नाही, आणि विचारायला चार वाजेपर्यंत थांबायचं. बाहेरच्या माणसाला हे खुळेपणाचं वाटेल. पण आमच्या पेठेत दुपारी एक ते चार कुणी कुणाची कडी वाजवत नाही. लांबून आलेला पाहुणासुद्धा चार होईपर्यंत कोपऱ्यावर घुटमळतो. खरं सांगायचं तर मलाही त्यांचं म्हणणं फारसं चुकीचं वाटलं नाही. मी कळशीकडे एकदा बघितलं आणि सायकलवर बसले.

त्यानंतर विहीर असलेली आणखी दोन घरं लागली. दोन्ही दारं लोटलेली. मी थांबलेही नाही. मी चिडले होते, आणि चिडले की मी जास्तच आज्ञाधारक होते. तुम्हाला तत्त्व पाळायचंय ना, मग पाळा, असं मनात घोकत मी पुढे गेले. हे आठवलं की आजही मला स्वतःची शरम वाटते.

मग मागून बाबांचा आवाज आला. "मंडईपाशी थांब गं. आईनं मेथी सांगितलीय."

मला हसू आलं. पण बाबा कधी थट्टा करत नसत. मी वळून बघितलं. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता, डोळे कुठेतरी भलतीकडेच लागले होते आणि सायकल रस्ताभर नागमोडी चालली होती. मी हाक मारेपर्यंत ते सायकलसकट कडेच्या गवतात कोसळले.

त्यांच्या कपाळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. मी त्यांना हलवलं, हाका मारल्या. ते काहीतरी पुटपुटले, डोळे उघडले नाहीत. बाबा मरतायत, आणि मी त्यांना तीन विहिरींवरून कोरडं पुढे आणलंय, एवढंच मला कळलं.

पन्नास पावलांवर घर होतं. मी धावत गेले, दाराची कडी धरली आणि थांबले. हो, तेव्हासुद्धा! क्षणभरच, पण थांबले. मग दोन्ही हातांनी दार बडवत मी किंचाळले.

एका साठीच्या बाईंनी दार उघडलं. कोण, कुठली, काही न विचारता त्या माझ्या मागे अनवाणी धावल्या. बाबांना बघून म्हणाल्या, "ऊन लागलंय. पायांकडनं धर." आम्ही दोघींनी त्यांना कसंबसं पडवीत आणलं. बाईंनी दोन कळश्या त्यांच्या अंगावर ओतल्या, लुगडं भिजवून त्यांना गुंडाळलं आणि माझ्या हातात सूप दिलं. मी जिवाच्या आकांताने वारा घालू लागले. पाणी पाजायला गेले तर बाईंनी माझा हात धरला. "शुद्धीवर येऊ दे आधी. नाकातोंडात जाईल."

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "वाटेत घरं लागली असतील की. पाणी नाही मागितलंत?"

"लोकांची झोपमोड होईल म्हणून..."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "अगो, झोप काय, परत लागते."

मी सूप हलवत राहिले. हात भरून आले, पण थांबायची भीती वाटत होती. आईला काय सांगायचं, कुठून कळवायचं, असले विचार मनात येत होते. बाई दर थोड्या वेळाने बाबांच्या कपाळाला हात लावत होत्या आणि लुगड्यावर पुन्हा पाणी शिंपडत होत्या. बऱ्याच वेळाने बाबांनी डोळे उघडले. त्यांनी छताकडे बघितलं, मग परक्या बाईंकडे, आणि कोपरावर जोर देऊन उठायला लागले.

"माफ करा हं, आपली झोपमोड..."

"एक शब्द बोलू नका!" मी ओरडले. "गप्प पडून राहा!"

बाबांवर आवाज चढवण्याची माझी ती पहिलीच वेळ होती. ते निमूट आडवे झाले. बाईंनी आमसुलाच्या सरबतात मीठ घालून पेला माझ्या हातात दिला. मी बाबांची मान उचलून तो त्यांच्या ओठांना लावला. त्यांनी तोंड उघडलं नाही. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "पिऊ का?"