बेटावरचं सगळं बटर

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्स शहरात बरीच वर्षं काढली की हाताला एक सवय लागते. गाडी काढायची, चार राउंडअबाउट ओलांडायचे, ट्रॉली काठोकाठ भरायची आणि डिकी दणकन बंद करायची. रिकामं झालेलं शेल्फ कुणीतरी येऊन भरतंच, अशी माझी पक्की समजूत होती. खरं तर त्याचा विचारच कधी केला नव्हता.

पन्नाशी उलटल्यावर मी स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या एका चिमुकल्या बेटावर नोकरी घेतली. पवनचक्क्यांच्या कॉम्प्युटरवर लक्ष ठेवायचं काम. बायको म्हणाली, "तू खुशाल जा, मी काही येणार नाही," आणि तिने शब्द पाळला. बेटावर दुकान एकच. तेही गावाने मिळून चालवलेलं, गल्ल्यावर आळीपाळीने गावकरीच बसतात. माल बोटीने येतो आणि बोट वाऱ्याला विचारून येते.

मागच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर मी दुकानात गेलो, तर फ्रीजमध्ये बिनमिठाच्या बटरची रांग लागलेली. एरवी तिथे खारट बटर मिळायचं, आणि त्याचं तूप कढवलं तर तळाशी समुद्र उरतो. घरच्या तुपाला मी महिनोन्महिने मुकलो होतो. मी आधी तीन पाकिटं घेतली. मग आणखी पाच. मग वाटलं, उरलेली बिचारी एकटी पडतील. सगळीच घेतली.

गल्ल्यावर त्या दिवशी पोस्टमन होता. टोपलीकडे बघून म्हणाला, "बरं केलंस, तूच नेतोयस ते. वारा वाढणार आहे."

या देशात हवेबद्दल कुणी काही बोललं की मान डोलवायची असते. मी डोलवली.

संध्याकाळी मोठ्या पातेल्यात सगळं कढवलं. घरभर वास सुटला. तळाची बेरी साखर घालून उभ्याउभ्याच खाल्ली, तूप बरण्यांत भरून खिडकीत मांडलं आणि बराच वेळ त्याच्याकडे कौतुकाने बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी दार वाजलं. शेजारच्या आजी. ऐंशीच्या आसपासच्या, एकट्या राहणाऱ्या, वाऱ्यातही ताठ चालणाऱ्या. हातात रुबार्बच्या जॅमची बाटली.

"ही तुला. पोस्टमन म्हणाला, तू माझं बटर उचलून आणलंस. मला या वाऱ्यात जायला नको म्हणून. चांगल्या घरचा दिसतोस."

मी बाटली घेतली. काय करणार, त्यांनी ती हातातच दिली होती.

मग त्यांनी सगळं सांगितलं. शनिवारी नातीचं लग्न. शॉर्टब्रेडसाठी, म्हणजे इथल्या लोण्याच्या जाड बिस्किटासाठी, त्यांनी ते बटर मुद्दाम मागवलेलं. पाकिटांवर नाव घालायची पद्धत इथे नाही, कारण कुणाचं काय आहे ते सगळ्यांना ठाऊक असतं. सगळ्यांना, म्हणजे मी सोडून.

"पाहुण्यांना काय, केकही चालेल," आजी म्हणाल्या. "पण एक चकती मला हवीच. नवरी उंबऱ्यावर आली की आजीने तिच्या डोक्यावर ती फोडायची. माझ्या आजीने माझ्यावर फोडली. माझ्या आईने माझ्या मुलीवर फोडली. आता माझी पाळी आहे. कुठे ठेवलंयस बटर?"

"थंडीत," मी म्हणालो. बरण्या खिडकीत होत्या, म्हणजे तसं खोटंही नव्हतं. "उद्या आणून देतो."

त्या वळल्या तेवढ्यात फोनवर मेसेज आला. बोट रविवारपर्यंत नाही.

दुकानात आता उरलं होतं फक्त मार्जरीन. घरोघरी बटर मागत फिरलो असतो, तर अंधार पडायच्या आत बेटाला कळलं असतं. बायकोला फोन केला.

"सगळं कढवलंस?"

"सगळं."

"एक पाकीट ठेवायचं नाही का रे?"

"त्याला एकटं वाटलं असतं."

ती हसली नाही. तिथेच मला कळलं की प्रकरण गंभीर आहे. "लोण्याचं तूप होतं, तुपाचं लोणी होत नाही," ती म्हणाली. "नानकटाईला फेसतात तसं थंड करून फेस, त्यातच पीठ मळता येईल. पण आधी जाऊन खरं सांग. आधी म्हणजे फेसायच्या आधी."

मी आधी फेसलं. दोष द्यायचाच तर त्या तुपालाही द्यायला हवा. ते इतकं पांढरंशुभ्र फुललं की हुबेहूब बटर. मी ते चिनीमातीच्या भांड्यात दाबून भरलं, वरून सुरीने सपाट केलं, आणि आजींच्या दारात उभं राहून म्हणालो, "हे तुमचं बटर."

त्यांनी बोट बुडवून चाटलं. माझ्याकडे बघितलं. पुन्हा चाटलं.

"हे माझ्या ओळखीचं नाही," त्या म्हणाल्या.

मग मी सगळं सांगितलं. दिवाळी, तूप, बेरी. बेरीचा भाग सांगायची गरज नव्हती, पण एकदा तोंड उघडलं की माझं असं होतं. आजी खिडकीबाहेर बघत राहिल्या. तिथे नुसता फेसाळ समुद्र होता.

"जॅम खाल्लास का?"

"नाही."

"मग खा. दिलेलं मी परत घेत नाही." मग म्हणाल्या, "नातीच्या लग्नात मी दारोदार बटर मागत फिरणार नाही. याचं काय करायचं ते आता तूच सांग."

त्या दुपारी त्यांच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघं पीठ मळत होतो. पहिली चकती ओव्हनमध्ये भाकरीसारखी पसरली आणि त्यांच्या आईच्या लाकडी साच्याची नक्षी पुसली गेली. आजींनी साचा पुसला आणि पिठाचा डबा माझ्यापुढे सरकवला. दुसरीत पीठ वाढवलं, गोळा बाहेर वाऱ्यात गार केला. नक्षी राहिली, पण निम्मीच.

शनिवारी गावच्या हॉलच्या दारात नवरी वाकली. आजींनी चकती उचलली आणि ती हातातच भुगा झाली. अशी ठिसूळ, अशी खुसखुशीत, की फोडायला काही उरलंच नाही. शॉर्टब्रेडचे तुकडे गोळा करायला पुढे आलेल्या मुली थबकल्या. आजींनी ओंजळभर भुगा नातीच्या डोक्यावर तसाच ओतला. नातीने केसांतला एक कण चाखला आणि हसत विचारलं, "नॅना, यात काय आहे?"

"शेजाऱ्याला विचार," आजी म्हणाल्या.

सगळे माझ्याकडे वळले. टाळ्याही वाजल्या. आजी टाळ्या वाजवत नव्हत्या. त्या एप्रनवरचा भुगा झटकत होत्या, पुन्हा पुन्हा, तो निघून गेल्यावरसुद्धा.

पुढच्या आठवड्यात बोट आली. फ्रीजमध्ये बटर होतं. मी बराच वेळ उभा राहिलो आणि एक पाकीट घेतलं. गल्ल्यावर आजी.

"एकच?"

"एकच."

त्यांनी चष्म्यावरून दाराबाहेर पाहिलं. "दोन घे. या आठवड्यात वारा नाही."

मी एकच घेऊन घरी आलो. उरलेल्या तुपाच्या बरण्या अजून खिडकीत आहेत.