पासवर्ड टाकेपर्यंत

“तोंड भिंतीकडे कर.”

सर मला म्हणाले. लॅबमध्ये शेवटच्या वर्षाची मुलं बसलेली होती. मला आधी कळलंच नाही. वाटलं, भिंतीवर काहीतरी बघायला सांगतायत. मी भिंतीकडे बघितलं, परत सरांकडे बघितलं.

“अगं, वळ तिकडे. मला पासवर्ड टाकायचाय.”

मी वळले.

मागे कुणीतरी फसकन हसलं. समोर फिकट पिवळी भिंत. एसीच्या पाण्याचा ओघळ वरून खालपर्यंत सुकलेला. माझं नाक त्या ओघळापासून वीतभर. मागे सरांची बोटं कीबोर्डवर. टक, टक, टक. मला ऐकायचं नव्हतं. पण डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. नुसतं ऐकू येतंय, तरी मलाच चोरी केल्यासारखं वाटत होतं.

“हं. बघ आता.”

मी वळले. मशीनची सेटिंग उघडली होती. मान खाली घालून मी काम केलं. मग बाजूचं मशीन.

“वळ.”

अंधेरीच्या एका कॉलेजात मी लॅब असिस्टंट होते. ठेकेदाराचं माणूस. म्हणजे काम कॉलेजचं आणि गळ्यातलं ओळखपत्र दुसऱ्याचं. हे सर आमच्या विभागाचे प्रमुख. पहिल्या दिवशी त्यांनी मला आडनाव विचारलं. सांगितलं. मग विचारलं, राहतेस कुठे. घाटकोपरला, डोंगरावरच्या वस्तीत, म्हटलं. “बरं, बरं,” म्हणाले. दुसऱ्यांदा ‘बरं’ म्हणताना त्यांचा आवाज खाली गेला. तो आवाज मी शाळेपासून ओळखते.

त्यानंतर मी त्यांच्यासाठी ‘ए’ झाले. नाहीतर ‘कोट्यातली’. डिप्लोमा मी केला होता, पण तो त्यांच्या लेखी कोट्याने केला होता.

लॅबमध्ये नवीन मशीन आली होती. प्रत्येकावर विंडोज आणि लिनक्स, दोन्ही टाकायचं होतं. मुलांच्या प्रॅक्टिकलला दोन्ही लागतं आणि सोमवारी बाहेरचे परीक्षक येणार होते. मी एक पेन ड्राइव्ह तयार केला होता. एकाच ड्राइव्हमध्ये दोन्हीचे सेटअप. मशीन सुरू करताना लावायचा, समोर दोन नावं येतात, हवं ते निवडायचं. जुन्या मशीनवर झकास चालायचा.

नवीन मशीनवर लावला आणि काळा स्क्रीन. सुरू करता येईल असं काही सापडलं नाही, एवढी एक ओळ. बस.

मी ड्राइव्ह पुसून परत बनवला. पुढच्या खाचेतून काढून मागच्या खाचेत लावला. सेटअपची फाइल अर्धवट उतरली असेल म्हणून पुन्हा उतरवली. दुसरा पेन ड्राइव्ह घेतला. नवीन मशीनना लागते तशी त्याची मांडणी बदलली. तीच ओळ. काळ्यावर पांढरी.

मग लक्षात आलं. ही मशीन अनोळखी ड्राइव्हला दारातच अडवतात. तशी कडी आतून घातलेली असते. सेटिंगमध्ये जाऊन ती काढायची, की झालं. दोन मिनिटांचं काम. पण सेटिंगला पासवर्ड. आणि पासवर्ड सरांकडे.

मी केबिनमध्ये गेले. म्हटलं, “सर, आत एक सेटिंग बंद करावी लागेल. पासवर्ड मिळाला तर आजच सगळी मशीन होतील.”

“पासवर्ड?” सरांनी चष्मा काढला. “तुला?”

“हो सर.”

“तुझा पेन ड्राइव्हच खराब असेल. रस्त्यावरचा माल.” मग मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, “आणि मागे मशीनमधून रॅम गेली ती कुठे गेली, अजून कळलेलं नाही आम्हाला.”

ती रॅम गेली तेव्हा मी त्या कॉलेजात लागलेही नव्हते. हे सरांना माहीत होतं. मला माहीत होतं की त्यांना माहीत आहे. माझ्यानंतर विभागात शिकवायला लागलेल्या केदार सरांना पासवर्ड पहिल्याच आठवड्यात मिळाला होता. चहा पिता पिता. आणि ते लॅबच्या मशीनला कधी हात लावायचे नाहीत.

म्हणून मग सर स्वतः लॅबमध्ये आले. म्हणून मग भिंत.

एक मशीन झालं की पुढचं. सर पुढे, मी मागे. “वळ.” वळायची. टक, टक, टक. “हं.” परत वळायची. हळूहळू सरांनी ‘वळ’ म्हणायचंही सोडलं. नुसतं बोट फिरवायचे, पंखा फिरतो तसं. आणि मी फिरायची. मुलांना आता त्याची मजा वाटायला लागली होती. सर बोट उचलायच्या आधीच एक मुलगा हळूच म्हणायचा, “चला, अबाउट टर्न.” बाकीचे खुसखुसायचे. केदार सर शेवटच्या बाकावर मोबाइल बघत होते. त्यांनी एकदाही मान वर केली नाही.

माझे पाय काम करत होते. डोकं नव्हतं. भिंतीशी उभी असताना कधीतरी मला आईचा हात आठवला.

मी लहान होते. आई मुलुंडला एका घरी धुणीभांडी करायची. शाळेला सुट्टी असली की मी तिच्याबरोबर जायची. एकदा आई हॉलमध्ये लादी पुसत होती, मी बाजूला बसले होते. घरातल्या बाई आल्या. त्यांनी कमरेची चावी काढली आणि कपाटाकडे गेल्या. काही बोलल्या नाहीत. त्यांना बोलावं लागलंच नाही. आईने पुसणं थांबवलं आणि स्वतःहून तोंड खिडकीकडे केलं. मी कपाटाकडे बघत होते. कपाटाच्या आत काय असतं ते बघायचं होतं मला. आईचा ओला हात माझ्या डोक्यावर आला. तिने माझं डोकं धरलं आणि खिडकीकडे वळवलं. जोरात नाही. केस विंचरताना वळवते तसं. फिनेलचा वास.

त्या दिवशी मला ते लाड वाटले होते.

भिंतीसमोर मला कळलं ते काय होतं. मला शिकवलं जात होतं.

“हं, पुढचं,” सर म्हणाले. पुढच्या मशीनपाशी गेले. बोट फिरवलं.

मी वळले नाही.

“ऐकू येत नाही?”

“येतं सर.”

“मग?”

“मी वळणार नाही. तुम्ही कीबोर्ड तुमच्याकडे ओढून घ्या.”

माझा आवाज कसा बारीक निघाला. मला तो ठणठणीत हवा होता. टेबलाची कड धरली नसती तर मी खाली बसले असते. हे सांगते, कारण नंतर काही जणांना वाटलं की मी फार शूर होते. नव्हते. फक्त मान हलेना.

दाराशी सावंतबाई उभ्या होत्या. आमच्या विभागाच्या शिपाई, मालवणकडच्या. माझ्या डब्यातलं खाणाऱ्या कॉलेजातल्या एकमेव. त्या तिथूनच हळू म्हणाल्या, “वळ गो बाय. काय जाता तुजा?”

सरांनी माझ्याकडे बघितलं. हसल्यासारखं केलं.

“तुम्हाला आत घेतलं, तिथेच चुकलं.”

इतके दिवस ‘ए’ आणि ‘तू’. आता एकदम ‘तुम्ही’. त्यात मान नव्हता. त्यात माझी आई होती, डोंगरावरची आमची सगळी चाळ होती, जे अजून जन्मायचे आहेत तेही होते. मला ते अनेकवचन नीट कळलं. मुलांनाही कळलं असावं. कुणी हसलं नाही.

“बाहेर हो.”

मी जिन्यात जाऊन बसले. आतून केदार सरांचा आवाज येत होता. मशीन एकेक करून सुरू होत होती. माझ्याच पेन ड्राइव्हवर. तो खराब नव्हता. पण हे सांगायचं कुणाला? मी तिथे बसून राहिले. आत जाऊन माझा ड्राइव्ह मागायचीही ताकद नव्हती. तो तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी गेटवर अडवलं. ठेकेदाराच्या माणसाचा फोन आला.

“कशाला पंगा घेतलास? सरांना फोन करून सॉरी बोल. मॅटर खतम. मग मुलुंडच्या एका कॉलेजात लावतो तुला.”

“मी काय केलं म्हणून सॉरी?”

“ते मला नको विचारू. बोलतेस की नाय?”

“नाही.”

“मग मी कुठेच लावू शकत नाय तुला.” जरा थांबला. वाईट माणूस नव्हता तो. “आणि ऐक, कुणी विचारलं का सोडलं, तर घरची अडचण बोल. बाकी काय बोलू नको. वाट लागेल तुझी.”

घरी आईला सांगितलं. मला वाटलं होतं, ती मला जवळ घेईल. ती तांदूळ निवडत होती. निवडायची थांबली नाही.

“वळली असतीस तर मान मोडली असती का तुझी?” म्हणाली. “मी जन्मभर वळले. म्हणून तू शिकलीस.”

ती खोटं बोलली नव्हती. रात्री ती जेवली नाही, मीही नाही.

त्यानंतर एका ऑफिसात मुलाखतीला गेले. अंधेरीलाच, औद्योगिक वसाहतीत. काम तेच, मशीन लावायची, सांभाळायची. समोर एक मॅडम होत्या. नीट बोलत होत्या, पाणी विचारलं. मग म्हणाल्या, “आधीची नोकरी का सोडली?”

घरची अडचण. जिभेवर तयार होतं. किती सोपे दोन शब्द.

मी सगळं सांगितलं. भिंत, बोट, हसणारी मुलं, ‘तुम्हाला आत घेतलं’. सांगताना रडायला येईल असं वाटलं होतं. आलं नाही. मॅडम ऐकत होत्या. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरचं ते नीट हसू गेलं. “आम्ही कळवतो,” म्हणाल्या.

त्यांनी कळवलं नाही. त्यानंतरच्या जागीही तेच झालं. सावंतबाईंचा फोन आला होता. “घरची अडचण सांग गो. खोटा बोललंस तर देव काय करूचो नाय,” म्हणाल्या. त्यांची माया मला कळते.

पण माझ्या घरात अडचण नव्हती. अडचण त्या लॅबमध्ये होती, पगार घेत होती, आजही घेते आहे. ती उचलून मी माझ्या घरात आणून ठेवणार नाही. आईच्या माथी मारणार नाही. काम मिळेल, न मिळेल. दार तोंडावर आपटतील, आपटू देत. पुढच्या मुलाखतीत हा प्रश्न येणार, त्याच्या पुढच्यातही येणार. मी उत्तर देणार. एकही शब्द न गाळता. आणि समोर जो कुणी बसला असेल, त्याच्या डोळ्यांत बघून.